रोज नव्या कल्पना लिहिण्याचा परिपाठ: तोचतोचपणा कसा टाळावा?

प्रश्न: टूलरूम_भोसरी

नमस्कार. मी भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्यात जिग आणि फिक्स्चरच्या, म्हणजे यंत्रावर काम होत असताना सुटा भाग पक्का धरून ठेवणाऱ्या आणि हत्याराला वाट दाखवणाऱ्या साधनांच्या आरेखनाचे काम करतो. गेल्या काही महिन्यांपासून रोज सकाळी, कंपनीची बस येण्यापूर्वी, वहीत दहा नव्या कल्पना लिहून काढण्याचा परिपाठ मी ठेवला आहे. कल्पना चांगली की वाईट याचा विचार त्या वेळी करायचा नाही, फक्त दहाचा आकडा पूर्ण करायचा, असा नियम मी अनेक ठिकाणी वाचला होता. तो मला पटलाही होता, कारण चांगल्या कल्पनेची वाट पाहत बसणाऱ्याला ती क्वचितच सुचते, असे माझेही निरीक्षण आहे.

पहिले काही आठवडे वही भराभर भरत गेली. आता मात्र तारीख बदलते आणि कल्पना त्याच राहतात. सोसायटीतील रिकाम्या पार्किंगच्या जागा तासावर भाड्याने देणारे ॲप, गावाकडच्या भाजीची शहरात थेट विक्री, जुन्या पाठ्यपुस्तकांची देवाणघेवाण, अशा नोंदी थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा उमटतात. त्यांत वाईट असे काही नाही. पण जिच्यासाठी दुसऱ्या दिवशी मी कोणाला एखादा फोन करीन किंवा कागदावर एखादे रेखाटन काढीन, अशी नोंद त्यांत सापडत नाही.

हा परिपाठ मला सोडायचा नाही, यामागे कामाचे कारण आहे. आमच्याकडे नवा जॉब (यंत्रावर घडवायचा भाग) आला की जुन्या फिक्स्चरचे ड्रॉइंग उघडायचे, जॉबची जागा पक्की करणाऱ्या लोकेटिंग पिनांच्या जागा बदलायच्या, त्याला आवळून धरणारा क्लॅम्प थोडा सरकवायचा आणि ड्रॉइंग पुढे पाठवायचे, ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की याहून वेगळे काही करता येईल का, हा प्रश्नच कोणाच्या मनात येत नाही. वेळेच्या दृष्टीने ही रीत सोयीची आहे, हे मान्य. परंतु आणखी दहा वर्षांनीही मी तेच ड्रॉइंग सरकवत असेन, हा विचार मला अस्वस्थ करतो.

तेव्हा जाणकारांना माझे विचारणे असे: दहाचा आकडा ठेवावा की सोडावा? विषय रोज मोकळा ठेवावा की ठरवून घ्यावा? हे एकट्याने करावे की दोघातिघांनी मिळून? आणि लिहून झालेल्या कल्पनांचे पुढे काय करावे?

उत्तर: निवृत्त_उत्पादन

आपण दिलेल्या तीन नोंदी वाचल्यावर पहिली जाणवते ती गोष्ट ही, की त्या तिन्ही आपण रोज हाताळत नसलेल्या जगातल्या आहेत. पार्किंगची जागा भाड्याने देणाऱ्याला कोणती अडचण येते, भाजी शहरात पोहोचेपर्यंत नेमकी कोठे खराब होते, हे आपल्याला जवळून ठाऊक नाही, म्हणून कल्पना पहिल्या ओळीपलीकडे जात नाही. उलट आपल्याच फिक्स्चरवर जॉब चढवताना ऑपरेटर कोणत्या हाताने काय धरतो, हे आपण रोज पाहू शकता. पण त्यावर वहीत काही लिहिलेले दिसत नाही. माझ्या मते दोष दहाच्या आकड्यात नाही, रोज कोऱ्या पानापासून सुरुवात करण्यात आहे.

कारखान्यांतील सूचना योजनांचा इतिहास या बाबतीत बरेच काही शिकवतो. टोयोटा कंपनीने १९५१ मध्ये कामगारांच्या सूचनांची पद्धत सुरू केली. त्याआधी कंपनीच्या संस्थापक घराण्यातील एइजी तोयोदा अमेरिकेत जाऊन फोर्ड कंपनीच्या कारखान्यातील अशीच पद्धत पाहून आले होते. पुढे कायझेनच्या, म्हणजे सतत लहानलहान सुधारणा करण्याच्या पद्धतीच्या नावाने ती आपल्याकडच्या कारखान्यांतही आली. मी ज्या कारखान्यात नोकरी केली, तेथे काही काळ दर माणशी महिन्याला अमुक इतक्या सूचना असे लक्ष्य ठरवलेले होते. परिणाम असा झाला की महिनाअखेरीला 'येथे फलक लावावा', 'तेथे पिवळा पट्टा मारावा' अशा सूचनांचा ढीग पडे, तक्त्यावरचा आकडा पूर्ण होई आणि लाइनवर काहीही बदलत नसे. आपल्या वहीचे सध्या हेच झाले आहे. आमच्याकडे त्यावर जो उपाय लागू पडला तो आपल्यालाही लागू पडावा: सूचना मागण्याऐवजी आम्ही आधी अडचण लिहायला सांगू लागलो.

आमच्या ड्रिलिंगच्या एका फिक्स्चरवर मधूनच एखाद्या जॉबचे छिद्र तिरपे जात असे. कारण सर्वांना माहीत होते. जॉब ज्या पृष्ठावर टेकतो तेथे बारीक चिप (छिद्र पाडताना निघालेला धातूचा कपचा) राहते, जॉब केसभर उचलला जातो आणि छिद्र कलते. उपायही ठरलेला होता, तो म्हणजे दर जॉबनंतर एअर गनने हवा मारणे; आणि घाईत हवा मारायची राहिली की ऑपरेटरला बोल लावणे. त्या मशीनवरच्या मदतनिसाला आम्ही उपाय विचारला नाही. फिक्स्चरची एक आकृती कागदावर काढून दिली आणि चिप दिसेल तेव्हा तिच्या जागी पेन्सिलीने एक खूण कर, एवढेच सांगितले. काही दिवसांत खुणांची सगळी गर्दी एकाच कोपऱ्यात झाली, जेथे टेकण्याचे पृष्ठ उभ्या भिंतीला मिळते आणि चिपला निसटायला वाट नसते. मग त्यानेच विचारले की जॉबखाली हे एवढे रुंद पृष्ठ हवेच कशाला? त्या जागी तीन छोटे उंच टेकू दिले, कोपऱ्यात चर घेतला आणि चिपा आपोआप खाली पडू लागल्या. आपण आरेखन करता, त्यामुळे टेकू लहान ठेवावा आणि चिपेला वाट द्यावी हे तत्त्व आपल्याला ठाऊकच असणार. ते आमच्या आरेखन विभागालाही ठाऊक होते; तरीही ते ड्रॉइंगवर उतरले ते खुणांचा कागद टेबलावर आल्यानंतरच.

जपानी औद्योगिक अभियंते शिगेओ शिंगो यांचे १९६१ मधील उदाहरण तर प्रसिद्धच आहे. एका छोट्या स्विचमध्ये दोन बटणांखाली दोन स्प्रिंगा बसवायच्या असत आणि कामगार कधी कधी एखादी स्प्रिंग बसवायला विसरत. वर्षानुवर्षे त्यावर 'लक्ष देऊन काम करा' एवढाच उपाय सांगितला जात होता. शिंगो यांनी काम हाती घेण्याआधी दोन स्प्रिंगा एका बशीत काढून ठेवण्याची रीत सुचवली. स्विच जोडून झाल्यावर बशीत स्प्रिंग उरली असेल तर चूक तेथल्या तेथे कळते. पोका-योके, म्हणजे चूक होऊच नये किंवा झालीच तर लगेच कळावी अशी कामाची रचना, या नावाने आज शिकवले जाते त्याची ही सुरुवात. बशीची ही कल्पना 'आज दहा कल्पना लिहा' असे सांगून कोणाला सुचली असती, असे मला वाटत नाही. विसरणे नेमके कोणत्या क्षणी घडते, हे पाहिल्यावर ती सुचली.

म्हणून माझे सांगणे असे, की पाळीत खिशात छोटी डायरी ठेवावी आणि जे खटकेल ते, उपाय न जोडता, एका वाक्यात लिहावे. 'क्लॅम्प घट्ट करण्यासाठी ऑपरेटरने पान्याला पाइप लावला.' 'जॉब पिनेवरून निघत नाही म्हणून खालून स्क्रू ड्रायव्हरने उचकटला.' अशा नोंदींतली एकच दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यावी आणि दहाच्या दहा कल्पना तिच्यावरच लिहाव्यात. जे मोजता येईल ते मोजावे, कारण मोजायला लागले की प्रश्न अधिक नेमका होत जातो. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी रोजच्या चलनातील नाणी तराजूवर तोलून पाहिली होती. नाणे जितका काळ हातोहात फिरते तितके ते झिजते आणि एकाच वर्षाच्या नाण्यांच्या वजनांतील तफावतही वाढत जाते, हे त्यांनी आकड्यांनी दाखवले आणि तेच गणित तक्षशिलेला सापडलेल्या प्राचीन आहत (ठसे उमटवलेल्या) नाण्यांना लावून त्यांच्या कालक्रमाचा विचार केला. खिशातली चिल्लर तोलण्याचे काम वरकरणी कंटाळवाणेच. पण इतिहासाला नवी पद्धत मिळाली ती त्यातून.

उत्तर: आगळ_आमसुले_कुडाळ

निवृत्त_उत्पादन यांचे म्हणणे मला पूर्ण पटते. माझा व्यवसाय अगदी लहान आहे. कुडाळजवळ घरीच कोकमाचे आगळ, आमसुले आणि फणसपोळी करून मी मुंबई-पुण्याला पाठवते. एकाच अडचणीवर दहा कल्पना लिहिल्या की काय होते, हे मी येथे सांगते, कारण दहाचा आकडा ठेवावा की सोडावा या आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे.

उन्हाळ्यात पाठवलेल्या पार्सलांतून आगळाच्या बाटल्या पाझरल्याच्या तक्रारी येत. मी रात्री वहीवर प्रश्न लिहून ठेवला आणि सकाळी कल्पना लिहायला बसले. पहिल्या पाच-सहा कल्पना झाकणाच्याच होत्या: दुसऱ्या प्रकारचे झाकण आणणे, आत चकती बसवणे, बाहेरून टेप गुंडाळणे, मेण लावणे, प्रत्येक बाटली पिशवीत बांधणे. त्यांतल्या दोन मी आधीच करून पाहिलेल्या होत्या. तेथे थांबले असते तर आणखी एक महागडे झाकण विकत घेतले असते. पण आकडा पूर्ण करायचा होता आणि झाकणाबद्दल लिहिण्यासारखे काही उरले नव्हते, म्हणून नाइलाजाने बाटलीच्या इतर भागांकडे बघावे लागले, आणि तेव्हा लक्षात आले की आपण आगळ पहाटेच्या गारव्यात अगदी गळ्यापर्यंत भरतो. तेच आगळ पुढे दिवसभर तापलेल्या गाडीत राहते, फुगते आणि त्याला बाहेर पडायला झाकणाखेरीज दुसरी वाट नसते. आता मी गळ्याखाली दोन बोटे जागा मोकळी सोडते. माप कमी भरू नये म्हणून बाटली थोडी मोठी घ्यावी लागली, एवढाच खर्च वाढला.

तेव्हा आकडा ठेवावा, असे माझे मत आहे. तो नसता तर मी झाकणापाशीच अडकून पडले असते. प्रश्न मात्र रात्रीच लिहून ठेवावा. सकाळी प्रश्न शोधायला बसले की मला मिळणारा मोकळा वेळ त्यातच जातो आणि तेवढ्यात चुलीवरचे दूध वर आलेले असते.

उत्तर: मानसशास्त्र_सातारा

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. कुडाळच्या ताईंनी जे अनुभवाने सांगितले त्याला संशोधनाचा चांगला आधार आहे. क्रिस्टेन्सन, गिलफर्ड आणि विल्सन यांनी १९५७ मध्येच दाखवले होते की एकाच विषयावर कल्पना लिहीत गेले तर सुरुवातीच्या कल्पना सर्वांना सुचणाऱ्या असतात आणि जसजसा वेळ जातो तसतशा त्या अधिकाधिक असाधारण होत जातात. आधी स्मरणात वर असलेले, अनेकदा ऐकलेले पर्याय बाहेर येतात. ते संपल्याखेरीज मन दूरचे संबंध शोधू लागत नाही. आपण रोज नवा मोकळा विषय घेता, त्यामुळे आपण रोज प्रत्येक विषयाच्या या पहिल्या थरातच वावरता आणि पार्किंगचे ॲप पुन्हा पुन्हा वर येते, असे मला वाटते.

येथे एक गैरसमज माणसाला लवकर थांबवतो. ब्रायन लुकास आणि लोरान नॉर्डग्रेन यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत लोकांचा असा अंदाज असल्याचे आढळले की जसजसा वेळ जाईल तसतशा आपल्या कल्पना कमी सर्जनशील होत जातील. प्रत्यक्षात त्यांचा दर्जा टिकून राहिला किंवा वाढला. सुचण्याचा वेग मंदावतो हे खरे, आणि त्या मंदावण्यालाच आपण 'आता संपले' असे समजतो. सहाव्या-सातव्या कल्पनेपाशी जी अडखळण जाणवते, तेथून पुढचाच भाग या परिपाठात सर्वांत मोलाचा आहे. दहा हा आकडा मात्र काही शास्त्राने ठरवलेला नाही. अडखळण ओलांडून थोडे पुढे नेणारा कोणताही आकडा चालेल. आपल्या बसच्या वेळेत जो बसेल तो घ्यावा.

एकट्याने की मिळून, या प्रश्नावर पुरावा बऱ्यापैकी स्पष्ट आहे. अमेरिकेतील जाहिरात व्यवसायातले ॲलेक्स ऑसबर्न यांनी गटाने बसून टीका न करता कल्पना मांडण्याची पद्धत लोकप्रिय केली आणि ती आपल्याकडच्या प्रशिक्षण वर्गांतही सर्रास वापरली जाते. पण १९५८ मध्ये येल विद्यापीठात झालेल्या प्रयोगात चार जणांच्या गटापेक्षा स्वतंत्रपणे काम करणाऱ्या चौघांच्या कल्पनांची बेरीज मोठी निघाली, आणि पुढे १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे यांनी त्याचे एक मुख्य कारण शोधून काढले: गटात एका वेळी एकच जण बोलू शकतो, आणि आपली पाळी येईपर्यंत बाकीच्यांचे विचार अडतात, कधी विसरले जातात. म्हणून दोन सहकारी सोबत असतील तर आधी प्रत्येकाने गप्प बसून आपापल्या कागदावर लिहावे आणि त्यानंतर कागद एकमेकांना द्यावेत. कँटीनमध्ये चहा घेता घेता 'चला, कल्पना काढू या' म्हणून बसले तर सर्वांत मोठ्याने बोलणाऱ्याची कल्पनाच टिकते.

प्रश्न रात्री लिहून ठेवण्याबद्दल थोडे सांगते. ब्रिटिश विचारवंत ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ मध्ये सर्जनशील विचाराचे जे चार टप्पे मांडले, त्यांत तयारी आणि सुचणे यांच्या मध्ये प्रश्न बाजूला ठेवण्याचा एक टप्पा आहे. ही मांडणी करताना ज्या अनुभवांचा आधार घेतला गेला त्यांतला एक गणितज्ञ आंरी प्वँकारे यांचा होता. त्यांनी १९०८ मध्ये सांगितले की एका प्रकारच्या फलनांवर पंधरा दिवस सलग झगडल्यानंतर ते भूशास्त्रीय सहलीला गेले, गणित डोक्यातून निघून गेले, आणि कुतांस येथे घोड्यांच्या बसच्या पायरीवर पाय ठेवताक्षणी अडलेला दुवा त्यांना दिसला. ही गोष्ट सांगताना लोक बसची पायरी लक्षात ठेवतात आणि आधीचे पंधरा दिवस गाळतात. प्रश्नाशी आधी झगडा झाला असेल तरच रात्रीच्या विश्रांतीचा उपयोग होतो, त्यामुळे रात्री नुसता प्रश्न न लिहिता दोन-तीन कल्पनाही खरडून ठेवल्या तर अधिक बरे.

आपण बसस्टॉपपर्यंत चालत जात असाल तर पहिल्या काही कल्पना चालता चालता मोबाईलवर बोलून नोंदवून पाहा. स्टॅनफर्डच्या ओपेझो आणि श्वार्ट्झ यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बसून राहण्यापेक्षा चालताना लोकांना अधिक नव्या कल्पना सुचल्या. अर्थात हे प्रयोग विटेचे किंवा टायरचे निरनिराळे उपयोग सांगा, अशा स्वरूपाच्या चाचण्यांवर आधारलेले असतात. फिक्स्चरचे आरेखन ही त्याहून कितीतरी अधिक बंधने असलेली गोष्ट आहे, म्हणून हे निष्कर्ष आपल्या कामाला जसेच्या तसे लागू होतील असे मी म्हणणार नाही.

टूलरूम_भोसरी

आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. पान्याला पाइप लावण्याचे उदाहरण वाचून मी चपापलो, कारण तो पाइप मी आमच्या शॉपमध्ये (कारखान्याच्या यंत्रशाळेत) अनेकदा पाहिला आहे आणि तो फिक्स्चरच्या आरेखनाबद्दल काही सांगतो आहे, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. आजपासून डायरी खिशात असेल.

आणखी तीन शंका आहेत. पहिली अशी, की सगळ्याच कल्पना अडचणीतून काढल्या तर परिपाठ केवळ दुरुस्तीपुरता उरणार नाही का? दुसरी, कामाच्या जागच्या नोंदी स्वतःच्या डायरीत लिहिणे कितपत योग्य आहे? आणि तिसरी शंका खंड पडण्याबद्दल आहे. महिनाअखेरीस डिस्पॅचची घाई असते, सणावाराला गावी जाणे होते, आणि एकदा खंड पडला की परिपाठ पुन्हा बसवणे मला जड जाते.

उत्तर: व्यंगरेषा

पहिल्या शंकेबद्दल मी लिहितो. मी एका साप्ताहिकासाठी व्यंगचित्रे काढतो आणि मला निवृत्त_उत्पादन यांच्या म्हणण्याला थोडी पुस्ती जोडायची आहे. अडचण ही कल्पनेची एक सुरुवात आहे. दुसरी सुरुवात म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहणे, आणि त्यासाठी आपल्या कामाबाहेरचे बरेच काही रोज डोळ्यांखालून जावे लागते.

रोज कल्पना काढण्याचे आर. के. लक्ष्मण यांच्याएवढे मोठे उदाहरण आपल्या जवळपास दुसरे नसेल. १९५१ पासून पाच दशकांहून अधिक काळ त्यांचे छोटे व्यंगचित्र 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या पहिल्या पानावर येत राहिले. त्या चित्राची चौकट पाहावी: जागा तेवढीच, ओळ एकच, आणि चौकड्यांचा कोट व धोतर घातलेला तो सामान्य माणूस, जो कधीच बोलत नाही. इतकी बंधने आधीच ठरलेली होती, त्यामुळे रोज शोधायची गोष्ट एकच उरत होती, ती म्हणजे आजच्या बातमीत त्या माणसाला काय दिसेल. बातम्या बाहेरून येत, चौकट त्यांची स्वतःची होती. मला वाटते, आपल्याला बरेच काही शिकता येईल ते या जोडणीतून.

आपल्या बाबतीत याचा अर्थ असा, की आठवड्यातील एखाद्या दिवशी डायरीतली अडचण बाजूला ठेवावी आणि दुसऱ्या कोणत्या तरी कामातली पकड पाहावी. शिंपी कापड मशीनखाली कसे धरतो, सुतार चौकट चिकटवताना ती कशी आवळतो, सोनार बारीक कडी हातात न घेता कशी झाळतो, कुंभाराच्या चाकावर माती मध्यभागी कशी राहते. मग 'हीच पकड आपल्या जॉबला लावली तर?' या एका प्रश्नावर दहा उत्तरे लिहावीत. बहुतेक निरुपयोगी निघतील आणि तसे होणे ठीक आहे. त्या दिवशी उपयुक्ततेचा हिशेब मागू नये, एवढेच माझे सांगणे आहे.

उत्तर: अर्ज_आणि_अधिकार

दुसऱ्या शंकेपुरते थोडक्यात. स्वतःच्या डायरीत जॉबची मापे, ग्राहकाचे नाव, ड्रॉइंग क्रमांक असे काहीही लिहू नका. 'दंडगोल जॉब पिनेवर अडकतो' एवढे पुरेसे असते. नेमणुकीच्या पत्रातील गोपनीयतेचे आणि शोधांच्या मालकीचे कलम एकदा वाचून घ्या, कारण कामाच्या ओघात सुचलेल्या गोष्टींवर कंपनीचा हक्क असल्याचे बहुधा तेथे लिहिलेले असते. आणि एखादी कल्पना खरोखर नवी वाटली तर ती येथे किंवा अन्यत्र जाहीर करण्यापूर्वी थांबा. काही मोजके अपवाद वगळता, अर्ज करण्यापूर्वी जाहीर झालेल्या गोष्टीवर आपल्या कायद्यानुसार पेटंट मिळत नाही. शोध पूर्ण झालेला नसला तरी तात्पुरते विवरण सादर करता येते आणि त्यानंतर संपूर्ण विवरण देण्यासाठी १२ महिन्यांची मुदत असते. बहुतांश कल्पनांना याची गरज पडत नाही. त्या कंपनीच्या सूचना योजनेत रीतसर द्याव्यात आणि त्याची पोच जपून ठेवावी.

उत्तर: निवृत्त_उत्पादन

लिहून झालेल्या कल्पनांचे काय करावे, हा आपला मूळ प्रश्न राहून गेला होता. आमच्याकडे शनिवारी अर्धा तास असे. त्या आठवड्याच्या नोंदी वाचायच्या आणि त्यांतली एकच अशी निवडायची, जी पुढच्या आठवड्यात पुठ्ठ्याने, लाकडी ठोकळ्याने किंवा भंगारातल्या तुकड्याने करून पाहता येईल. निवडताना ती चांगली आहे का, यापेक्षा ती चूक असल्यास लवकर कळेल का, हे आम्ही पाहत असू. पुठ्ठ्याचा क्लॅम्प हातात धरला की पाच मिनिटांत कळते, पाना फिरवायला जागा उरते की नाही. ड्रॉइंगवर तेच कळायला आठवडा लागतो आणि तोपर्यंत माणूस त्या कल्पनेच्या प्रेमात पडलेला असतो.

करून पाहिल्यावर काय घडले ते त्याच नोंदीखाली लिहावे, विशेषतः अपेक्षेविरुद्ध काही घडले असेल तर. चार्ल्स डार्विन यांनी आपल्या आत्मचरित्रात नोंदवले आहे की आपल्या निष्कर्षांच्या विरोधात जाणारी गोष्ट समोर आली की ते ती ताबडतोब लिहून ठेवत, कारण अनुकूल गोष्टींपेक्षा अशा गोष्टी स्मरणातून लवकर निसटतात, असा त्यांचा अनुभव होता. शॉपमध्ये हे मी फार पाहिले आहे. जो बदल चालला त्याची गोष्ट सगळे सांगतात. जो फसला त्याचे कारण दोन वर्षांनी कोणालाच आठवत नाही आणि नवा माणूस तोच बदल पुन्हा सुचवतो.

उत्तर: मानसशास्त्र_सातारा

खंड पडण्याबद्दलची शंका राहिली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात असे दिसले की एखादे साधे रोजचे कृत्य आपोआप होऊ लागायला निरनिराळ्या माणसांना १८ पासून २५४ दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो; मध्यक, म्हणजे सर्व आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, ६६ दिवसांचा होता. आपल्याला उपयोगी असा त्यातला दुसरा निष्कर्ष हा, की एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या प्रक्रियेत फारसा फरक पडला नाही. मात्र त्या अभ्यासातील कृत्ये जेवणाबरोबर फळ खाणे, पाणी पिणे किंवा ठरावीक वेळी पळायला जाणे अशी होती आणि ती दिवसातल्या एखाद्या ठरलेल्या प्रसंगाशी जोडलेली होती. कल्पना सुचणे हे आपोआप होणारे कृत्य नाही. आपोआप होऊ शकते ते वही उघडणे. म्हणून वही कोणत्या प्रसंगानंतर उघडायची हे पक्के करावे, आणि तो प्रसंग सुटीच्या दिवशीही घडणारा असावा. कंपनीची बस रविवारी येत नाही, गावी तर नाहीच नाही. सकाळचा चहा मात्र दोन्हीकडे असतो.

गावी गेल्यावर दहाचा हट्ट धरू नये. तेथे डायरीत खटकलेली एखादी गोष्ट लिहिली तरी पुरे. शेतातल्या अवजाराची मूठ, विहिरीवरच्या पंपाचे कपलिंग, असे पाहण्यासारखे पुष्कळ असते आणि त्यातून व्यंगरेषा यांनी सांगितलेल्या दुसऱ्या प्रकारच्या दिवसालाही विषय मिळतो. परत आल्यावर राहिलेले दिवस भरून काढायला जाऊ नका, कारण थकबाकीच्या चाळीस कल्पना एका बैठकीत लिहायच्या ठरल्या की वही उघडणेच नकोसे होते. मागच्या वेळी अर्धवट राहिलेला प्रश्न काढावा आणि त्याच्या सातव्या कल्पनेपासून पुढे लिहावे.